वहिनीचा क्लेम

ताई पेपरात नेमकं काय करते, हे तिच्या घरच्यांना कधीच नीट कळलं नव्हतं. कोणी विचारलं की तिचा धाकटा भाऊ सांगायचा, "आमची ताई दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आमच्या मात्र फुकट काढते." ताई त्याला लहान्या म्हणायची. चाळिशी जवळ आली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी तो लहान्याच राहिला.

काम खरं तर त्याने सांगितलं तसंच होतं. इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय विभागात खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर ती बसायची. बातमीदारांनी पाठवलेला मजकूर तिच्या पडद्यावर यायचा. ती तो वाचायची, चुका दुरुस्त करायची, जागेत बसेल एवढा कापायची आणि पानावर सोडायची. तरुणपणी लागली होती, तिथेच पिकली. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे लहान्या आणि वहिनी, एवढंच उरलं होतं.

नवी मुलंमुली नोकरीला लागली की पहिले काही दिवस त्यांना ताईच्या शेजारी बसवत. ती त्यांना शिकवायची त्यात एक धडा ठरलेला होता. इंग्रजीत 'सेड' म्हणजे म्हणाला आणि 'क्लेम्ड' म्हणजे दावा केला. अधिकारी, प्रवक्ता, कंपनीचं पत्रक, यांच्या बोलण्याला 'सेड' लावायचं. कोणी कोणावर ठपका ठेवत असेल आणि आपल्या हातात पुरावा नसेल, तर 'क्लेम्ड'. "सेड लिहिलं की वाचणारा ऐकून घेतो," ती सांगायची. "क्लेम्ड लिहिलं की तो म्हणतो, असेल बुवा, कोणास ठाऊक. आपण कोणाची बाजू घेतलेली नसते. उद्या कोर्टाची नोटीस आली तर हा एक शब्द छत्रीसारखा डोक्यावर असतो."

हा नियम मूळचा वृत्तसंपादकांचा. त्यांना माघारी सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण बोलताना ते मध्येच थांबत आणि समोरच्याला वाटे वाक्य संपलं. कितीतरी जण त्यांचं अर्धंच बोलणं ऐकून निघून गेले होते. ताई मात्र थांबायची. त्यामुळे त्यांचा तिच्यावर जीव होता.

लहान्या गावाबाहेरच्या शीतगृहात ऑपरेटर होता. मोठमोठ्या थंड खोल्यांमध्ये सफरचंदाच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असत आणि त्या खोल्यांचं तापमान सांभाळायचं काम त्याचं. वहिनी त्याच आवारातल्या शेडमध्ये फळं निवडायला बसायची. डागाळलेलं एकीकडे, चांगलं दुसरीकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वहिनी मशीनघराच्या मागच्या दारापाशी जायची. लहान्या आतून बाहेर यायचा आणि दोघं पायरीवर उन्हात बसून जेवायची. आत इतकी थंडी असायची की त्याला जेवणापेक्षा उन्हाचीच भूक जास्त, असं वहिनी म्हणायची.

त्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधीच मशीनघरात, पुढच्या दारापाशी, अमोनियाची नळी फुटली. वास शेडपर्यंत आला तेव्हा बायका डोळे चोळत मोठ्या फाटकाकडे पळाल्या. वहिनी उलट दिशेला, मागच्या दाराकडे पळाली. दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून कोणीतरी दार बडवत होतं. तिने पडलेली वीट उचलली आणि कुलपावर मारत राहिली. वीट फुटली. दुसरी घेतली. मग आतलं बडवणं थांबलं.

चौघं गेले. लहान्या, एक मेकॅनिक आणि दोन हमाल.

ताईला फोन आला तेव्हा ती टेबलावर होती. ती इस्पितळात पोचली, तिला एका लांब बाकावर बसवलं, कोणीतरी हातात पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर एक सूचना लावली होती आणि त्यातल्या एका इंग्रजी शब्दात एक अक्षर जास्त होतं. ताई तेवढंच बघत राहिली. आत बोलावून लहान्याचा चेहरा दाखवला, तेव्हा तिने मान हलवून तोच असल्याचं सांगितलं, जिथे सही करायची तिथे केली आणि पुन्हा त्या बाकावर येऊन बसली. वहिनी तिच्या शेजारी होती. वहिनीचे दोन्ही तळहात सोललेले होते.

"दाराला कुलूप होतं, ताई," वहिनी म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. तिने ऐकलं होतं. शब्द कानात शिरले होते, पण पुढे कुठे गेले नाहीत.

पुढचं सगळं लोकांनी उरकलं. ताई जिथे उभी करतील तिथे उभी राहिली. लोक रडले, ती रडली नाही. धीराची आहे हो, असं कोणी म्हणालं. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं तिला सगळं अंग झालं होतं.

वहिनीच्या घरात माणसांची रीघ लागली होती. कोण येतंय, कोण जातंय, कोणाला चहा द्यायचा. ताईला तिथे बसवेना आणि आपल्या घरी एकटीला तर त्याहून बसवेना. म्हणून तिसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, बस पकडून कामावर गेली. तिला बघून सगळे उठून उभे राहिले. स्वल्पविराम केबिनमधून बाहेर आले.

"तू घरी जा," ते म्हणाले. मग थांबले. ताईही थांबली. "किंवा बस. तुला जे बरं वाटेल ते."

ताई बसली.

बोटांना काम माहीत होतं. बाजारभावांची बातमी आली, ती तिने सोडली. पालिकेच्या सभेची आली, तिच्यातली दोन नावं चुकली होती, ती सुधारली. मग शीतगृहाची आली. नियमाने ती दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जायला हवी होती, पण शेजारचा सहकारी जेवायला गेला होता आणि पान अडकलं होतं. ताईने ती उघडली. मजकूर जागेपेक्षा जास्त होता. शेवटचे दोन परिच्छेद कापले. मधलं एक वाक्य दोनदा आलं होतं, एकदाचं काढलं. लहान्याचं वय बातमीदाराने बरोबर लिहिलं होतं. चौकशीसाठी सरकारने एक अधिकारी नेमल्याचं खाली आलं होतं, ते वर घेतलं. मग पान सोडलं आणि चहा प्यायली. चहा साखरेचा होता की बिनसाखरेचा, हे तिला नंतर आठवलं नाही.

दोन दिवसांनी ती वहिनीकडे गेली, तर घर ओस पडलं होतं. इतके दिवस गेलेल्या चौघांच्या घरची माणसं एकमेकांकडे येत जात होती. चारही घरांनी ठरवलं होतं की कंपनीकडे भरपाई मागायची ती एकत्र, एकाच दिवशी, एकच आकडा. मेकॅनिकचे म्हातारे वडील त्यात पुढे होते, सगळे त्यांना म्हातारबाबा म्हणत. पण आता तिकडचं कोणी फिरकलेलं दिसत नव्हतं.

"कोणी आलं नाही का?" ताईने विचारलं.

"म्हातारबाबा आले होते सकाळी," वहिनी म्हणाली. तिच्या हातांवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या आणि ती भांडी पुसत होती, एकच भांडं बराच वेळ. "आत नाही आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, पोरी, आमचा केसाने गळा कापलास. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं, तू आधीच एकटीने क्लेम केलास."

"कसला क्लेम?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, पेपरात आलंय. शेडमध्ये सुपरवायझरने सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. ऑपरेटरच्या बायकोने क्लेम केला, असं इंग्रजीत छापून आलंय." वहिनीने भांडं खाली ठेवलं. "मी कुठलाही कागद दिला नाही, ताई. कुठेही अंगठा नाही, सही नाही. आता दोन्ही हमालांच्या बायकाही मला बघून दार लावतात."

शेजाऱ्याकडे तो अंक होता. ताईने आणला, पान उलगडलं आणि वाचलं. आपलीच बातमी वाचायला तिला कष्ट पडले नाहीत. तिसऱ्या परिच्छेदात होतं: मागचं दार उघडं होतं, असं व्यवस्थापन म्हणालं. तिथे 'सेड'. त्याखाली: दाराला बाहेरून कुलूप होतं, असा दावा मृत ऑपरेटरच्या पत्नीने केला. तिथे 'क्लेम्ड'.

"हा पैशाचा क्लेम नाही," ताई म्हणाली. "विम्याचा म्हणतो ना आपण, तो नाही. इंग्रजी बातमीत त्याचा अर्थ वेगळा."

"मग काय लिहिलंय?"

"कुलूप होतं असं तू म्हणालीस, एवढंच."

"मग 'म्हणाली' असं का नाही लिहिलं? इंग्रजीत 'म्हणाली'ला शब्द नाही?"

"आहे."

"कुठला?"

"सेड."

"तो इथे कुठे आहे?"

ताईने बोट ठेवून दाखवला. वहिनीला इंग्रजी येत नव्हतं, पण फळांच्या पेट्यांवरची अक्षरं रोज बघून अक्षरओळख होती. तिने त्या शब्दाकडे पाहिलं.

"हा कोणाला लावलाय?"

"कंपनीला."

वहिनीने बोट खालच्या ओळीवर नेलं. "म्हणजे कंपनी म्हणाली, आणि मी... ते दुसरं. ते खोटं बोलणाऱ्याला लावतात का?"

"नाही. खरं की खोटं ते पेपरला माहीत नाही, असा त्याचा अर्थ."

"आणि कंपनीचं माहीत होतं?"

ताईने अंकाची घडी घातली. उत्तर तिच्याजवळ होतं. इतकी वर्षं तिने ते मुलांना शिकवलं होतं.

"लिहिणारा आला होता माझ्याकडे," वहिनी म्हणाली. "चांगला वाटला होता. तुमच्याच ऑफिसातला. मी सांगितलं तसं लिहून घेतलं, माझ्या हातांकडे बघून त्याचेच डोळे भरले. आणि जाऊन हे लिहिलं."

त्या संध्याकाळी ताई ऑफिसात गेली आणि बातमीदाराला शोधलं. तो कोवळा पोरगा ताईला पाहून आधीच कावराबावरा झाला. शीतगृहाच्या बातमीत क्लेम्ड का लिहिलंस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "मी नाही लिहिलं, मॅडम."

"मग कोणी?"

त्याने तिच्या टेबलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही मूळ कॉपी बघा."

ताईने टेबलावर बसून मूळ मजकूर काढला. त्यांच्या संगणकावर प्रत्येक बातमीचा प्रवास दिसायचा. कोणी लिहिली, कोणी उघडली, कोणी कुठला शब्द बदलला. बातमीदाराने दोन्हीकडे 'सेड' लिहिलं होतं. कंपनी म्हणाली, बायको म्हणाली. बायकोच्या पुढचा 'सेड' लाल रेघेने खोडलेला होता, शेजारी निळ्यात 'क्लेम्ड', आणि समासात ताईच्या नावाची आद्याक्षरं.

तिला ते केल्याचं आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला. पालिकेच्या सभेतली दोन नावं आठवली, बाजारभाव आठवले. हा शब्द आठवला नाही. बोटं वाक्यापाशी आली असतील, ठपका दिसला असेल, पुरावा दिसला नसेल आणि बोटांनी आपलं काम केलं असेल. डोळ्यावर झापड आलेल्या माणसाने आपल्याच दारात येऊन थांबावं तसं.

ती स्वल्पविरामांच्या केबिनमध्ये गेली.

"मला खुलासा छापायचाय," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. क्लेमचा लोकांनी काढलेला अर्थ, म्हातारबाबा, बंद झालेली दारं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खुलासा चुकीसाठी छापतात," ते म्हणाले. थांबले. "शब्द चुकीचा नाही."

"व्यवस्थापनाला सेड लावलंय."

"त्यांचं पत्रक होतं. सही होती. तिच्याजवळ काय होतं?"

"फुटलेल्या विटा होत्या. हात सोलले होते."

"ते छापलंय आपण. चौथ्या परिच्छेदात होतं."

"ते मी कापलं," ताई म्हणाली. आता तिला आठवलं. "जागा नव्हती."

ते बराच वेळ बोलले नाहीत आणि या वेळी वाक्य खरंच संपल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "तू बदललंस ते बरोबर बदललंस. दुसऱ्या कोणाची बहीण असती तरी हेच केलं असतंस. उलट मला तर... अशा दिवशीसुद्धा तुझा हात चुकला नाही." ते हे मनापासून म्हणाले. कौतुक करत होते. "रजा घे. महिनाभर येऊ नकोस. पगाराची काळजी करू नकोस."

ताई मान हलवून बाहेर आली. तिला राग यायला हवा होता, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. आला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी मटार सोलत बसली होती, तिथे ताई जमिनीवर तिच्यासमोर बसली.

"त्या पोराने बरोबर लिहिलं होतं," ती म्हणाली. "'म्हणाली' असंच लिहिलं होतं. मी बदललं."

वहिनीने वर पाहिलं नाही. अंगठ्याने एक शेंग उघडली, दाणे ताटलीत पडले. "तुम्ही?"

"मी. तिसऱ्या दिवशी कामावर गेले ना, तेव्हा."

"तुम्हाला पटलं नव्हतं का माझं? इस्पितळात मी सांगितलं तेव्हा हो म्हणाला होतात."

"पटलं होतं. पटण्याबिटण्याचा प्रश्नच नव्हता. वाचलंसुद्धा नाही मी, नुसतं दुरुस्त केलं."

वहिनीने आणखी दोनतीन शेंगा सोलल्या. एक किडकी निघाली, ती बाजूला टाकली. शेडमधली सवय, तिचे हात बघायच्या आधीच निवडायचे.

"मला पहिले चार दिवस चव कळत नव्हती," ती म्हणाली. "शेजारणीने भातात मीठ घातलं नव्हतं, मी खाऊन उठले. सगळे बघत राहिले." मग थोड्या वेळाने, "मला तुमचा राग आलाय, ताई. पण आत्ता तो काढत बसायला माझ्यात ताकद नाही. नंतर कधीतरी येईल बाहेर, तेव्हा ऐकून घ्या."

"घेईन."

"आणि आत्ता माझ्याबरोबर चला. म्हातारबाबांना हे तुमच्या तोंडून सांगा. माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही पेपरातल्या आहात."

म्हातारबाबा दोन गल्ल्या पलीकडे राहत. अरुंद जिना, वरच्या मजल्यावर एक खोली आणि सज्जा. सज्ज्यात मेकॅनिकची बायको कपडे वाळत घालत होती. तिने वहिनीला पाहिलं, चिमटा तोंडात तसाच धरून आत गेली आणि सासऱ्याला घेऊन आली. थोड्या वेळाने एका हमालाची बायकोही खालून वर आली. कोणी बसा म्हणालं नाही. ताईने उभ्यानेच सांगितलं. इंग्रजीत हा शब्द दोन ठिकाणी वापरतात, विम्यात पैसे मागायला आणि बातमीत कोणी काही म्हटलं तर. इथे दुसरा अर्थ आहे. वहिनीने एक पैसा मागितलेला नाही. ती फक्त कुलपाचं बोलली.

म्हातारबाबांनी शांतपणे ऐकलं. ते पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचे. वाचणारा माणूस होता.

"मग सरळ 'म्हणाली' का नाही छापलं?" त्यांनी विचारलं.

"आधी तसंच होतं. मी बदललं."

"तुम्ही त्याची बहीण ना?"

"हो. मोठी."

"म्हणजे ध चा मा तुम्ही केलात."

"हो."

म्हातारबाबांनी तिच्याकडे बघितलं. शिव्या घालतील असं वाटत होतं, घातल्या नाहीत. ते सुनेला म्हणाले, "यांना बसायला दे." सुनेने चटई टाकली. सगळे बसल्यावर ते वहिनीकडे वळले.

"तू विटेने मारलंस ते कुलूप पितळी होतं की लोखंडी?"

"लोखंडी. काळं. मोठं होतं."

म्हातारबाबांनी मान हलवली. "पोराने सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "मागच्या दाराने पेट्या चोरीला गेल्या तेव्हापासून सुपरवायझरने कुलूप लावलंय, म्हणाला. किल्ली मागितली तर म्हणे पुढच्या दाराने ये जा करा. मी म्हटलं, असेल कायतरी, तू आपलं काम कर." ते थांबले. "मला ठाऊक होतं, पोरी. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?" वहिनीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

उत्तर सुनेने दिलं. "कंपनीचा माणूस आला होता आमच्याकडे. म्हणाला, कुलपाचं काढाल तर कोर्टकचेऱ्या होतील, भरपाई लटकेल. गप्प राहिलात तर लवकर मिळेल."

"आमच्याकडेही आला होता," हमालाची बायको म्हणाली.

वहिनीकडे तो आला नव्हता. ती आधीच बोलून बसली होती.

कोणी कोणाची माफी मागितली नाही. मेकॅनिकच्या बायकोने चहा केला. निघताना म्हातारबाबा जिन्यापर्यंत आले आणि वहिनीला म्हणाले, "चौकशीच्या साहेबासमोर मी सांगेन. पोराने सांगितलं ते जसंच्या तसं." मग ताईला म्हणाले, "तुम्ही लिहू नका आता काही."

"नाही लिहीत," ताई म्हणाली.

चौकशी एका सरकारी कचेरीत झाली. पंखा गरगरत होता, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर स्टेपलर ठेवले होते. अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. वहिनीने जे पाहिलं ते सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला, वायूच्या लोटात आणि घाबरलेल्या अवस्थेत तुम्हाला कडी कुलपासारखी दिसली नसेल कशावरून? वहिनी म्हणाली, "कडीवर वीट मारून कोणी हात सोलून घेत नाही." म्हातारबाबा बोलले. हमालाची बायको बोलली. दुसऱ्या हमालाची बायको आली नाही, तिच्या घरच्यांनी पैसे घेतले होते आणि तिला कोणी नावं ठेवली नाहीत. शेवटी शीतगृहाच्या पहारेकऱ्याला बोलावलं. तो आधी म्हणाला की आठवत नाही. बाईंनी नाक पुसलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो खाली बघून म्हणाला, "कुलूप मीच काढलं. पोलीस यायच्या आधी. सुपरवायझरसाहेबांनी सांगितलं म्हणून."

ताई मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

अहवाल यायला वेळ लागला. आला तेव्हा त्यात दार बाहेरून बंद होतं असं लिहिलेलं होतं. सुपरवायझरला आणि मालकाला अटक झाली. मालक जामिनावर सुटला आणि खटला उभा राहिला. अशा खटल्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा त्यालाही लागणार होता. भरपाई उरलेल्या तिन्ही घरांना बरोबरच मिळाली. ताईच्या पेपरात ती बातमी सातव्या पानावर आली. शेजारच्या सहकाऱ्याने ती केली आणि चांगली केली. ताई तेव्हा कामावर परतली होती. त्याने पान सोडण्याआधी पडदा तिच्याकडे वळवून विचारलं, बघतेस का? ती नको म्हणाली. ऑफिसातला नियम काही बदलला नाही. नव्या मुलांना शेजारी बसवायला मात्र तिने नकार दिला आणि स्वल्पविरामांनी कारण विचारलं नाही.

वहिनीचा राग मधल्या काळात एकदा बाहेर आला. ताईने कशावरून तरी, बहुतेक गॅस चालू राहिल्यावरून, तिला टोकलं आणि वहिनी अर्धा तास बोलत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, भाऊ मेला तरी हात थांबला नाही तुमचा. ताईने कबूल केल्याप्रमाणे ऐकून घेतलं. संपल्यावर वहिनीने तिला वाढलं आणि दोघी जेवल्या.

वहिनीने शेड सोडली. एका इस्पितळाच्या धुलाई विभागात तिला काम मिळालं. ताई सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायला लागली. जायची, जेवायची, पलंगावर पडून जुनी मासिकं चाळायची. झोप लागत नसे. नुसती पडून राहायची.

अशाच एका दुपारी तिला झोप लागली. गाढ, लहानपणी लागायची तशी. जाग आली तेव्हा खोलीत अर्धवट उजेड होता, घसा कोरडा पडला होता, आणि आपण कुठे आहोत हे कळायच्या आधीच तिने हाक मारली, "लहान्या, पाणी आण रे."

तिने स्वतःचा आवाज ऐकला. उठून बसली. आत भांड्याचा आवाज थांबला.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिच्या हातात देऊन पलंगाच्या कडेला बसली. ताईने पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी हलत होतं, कारण हात हलत होते, मग खांदे, मग सगळी ताई. पेल्यातलं पाणी मांडीवर सांडलं. वहिनीने पेला काढून घेतला, खाली ठेवला आणि थांबली.

"मीपण मारते हाक," वहिनी म्हणाली.

"रोज?"

"आधी रोज मारायचे," वहिनी म्हणाली. "आता कधीतरी."

तिने पदराने ताईची ओली मांडी टिपली आणि दुसरं पाणी आणायला आत गेली.